लंगर चालू, गाड्या बंद : होळीनंतर नांदेडला अडकलेल्या यात्रेकरूंचं प्रकरण

१० मार्च २०२० रोजी नांदेडला होला महल्ला हा शिखांचा सण झाला. २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला, त्याच दिवसापासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या आणि २५ तारखेला देशच बंद झाला. मधल्या बारा दिवसांत जे निघाले ते घरी पोचले. जे मागे राहिले, किंवा होळीची गर्दी ओसरल्यावर सावकाश दर्शन घेऊ म्हणून नंतर आले, ते तख्त सचखंड श्री हजूर साहिब या इथल्या मुख्य गुरुद्वाऱ्याच्या परिसरात अडकले. बहुतेक पंजाबचे, काही हरियाणा-दिल्लीकडचे; आकडा चार हजारांच्या घरात. महिनाभर ते तिथेच राहिले, तिथेच जेवले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बसगाड्यांनी पंजाबला परतले आणि पुढच्या काही दिवसांत त्यांच्यातल्या हजाराहून जास्त लोकांचे कोविडचे अहवाल पॉझिटिव्ह आले.

तेव्हा यावर जे लिहिलं-बोललं गेलं ते दोन टोकांना होतं. एका टोकाला लंगरचं, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या सर्वांसाठीच्या मोफत जेवणाचं, कौतुक, दुसऱ्या टोकाला कोणी कोणाला लागण दिली याची भांडणं. दोन्हींत तथ्य होतं, पण हा पेच ज्या जागी तयार झाला ती जागा दोन्हींतून निसटली. माझं म्हणणं असं, की लंगरने जेवणाचा प्रश्न इतक्या सहज सोडवला की बाकीचे प्रश्न आहेत हेच कोणाला फार दिवस दिसलं नाही. लंगरचा यात दोष नाही. त्याच्यावर विसंबून स्वस्थ बसलेल्यांचा आहे.

सण आणि त्याची गर्दी

होला महल्ला म्हणजे शिखांची होळी असं आपल्याकडे सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. गुरु गोविंदसिंगांनी १७०१ च्या सुमारास आनंदपूरला हा प्रघात पाडला, तो रंग खेळण्यापेक्षा शस्त्रांच्या सरावासाठी. होळीच्या दुसऱ्या दिवशी दोन तुकड्या करायच्या, लुटुपुटुची लढाई लढायची, घोडे दौडवायचे. गुरूंचा शेवट नांदेडला झाला, ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, गोदावरीकाठी. तेव्हापासून आनंदपूरच्या परंपरेची एक फांदी इथे मराठवाड्यात रुजली. आजची तख्ताची इमारत महाराजा रणजितसिंगांच्या काळातली, १८३२ ते १८३७ मधली. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक, आणि इथली पूजापद्धत पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांपेक्षा बरीच वेगळी आहे. पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून येतं, गुरूंच्या शस्त्रांची निगा राखली जाते, संध्याकाळी दिव्यांची आरती होते. दसरा, दिवाळी आणि होळी हे इथले मोठे दिवस. पंजाबहून पहिल्यांदा आलेला यात्रेकरू आरती पाहून जरा चकित होतो. नांदेडचा माणूस त्याच्या चकित होण्याने चकित होतो.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिरवणूक निघते. पुढे निशान साहिब म्हणजे धर्मध्वज, नगारा, पंज प्यारे म्हणजे पंथाचे पाच मानकरी, आणि गुरूंच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे. ठरलेल्या ठिकाणी अरदास म्हणजे प्रार्थना होते आणि ती संपते ना संपते तोच नंग्या तलवारी उंचावून सगळा जमाव एकदम धावत सुटतो. हाच हल्लाबोल. त्या नावाचा चौकच नांदेडात आहे. मिनिटभर रस्त्यावर धूळ, घोषणा आणि पोलादाची लकाकी याखेरीज काही दिसत नाही. मग सगळे श्वास घेतात, मिरवणूक पुन्हा चालू लागते.

या दिवसांसाठी येणारी संगत, म्हणजे भाविक मंडळी, दोन-चार दिवसांच्या हिशेबाने येते. तख्ताचं दर्शन, नगिना घाट, बंदा घाट, शिकार घाट, हिरा घाट, माल टेकडी, माता साहिब असे गुरुद्वारे, बऱ्याच जणांची बिदरला नानक झिऱ्याची एक फेरी, आणि परतीची सचखंड एक्सप्रेस. नांदेड ते अमृतसर, दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. या गाडीच्या वाटेवर परभणी, जालना, तेव्हाचं औरंगाबाद, भोपाळ अशा स्थानकांवर सेवादार, म्हणजे सेवा म्हणून राबणारे भाविक, बादल्या घेऊन उभे असतात आणि प्रवासी आपापले डबे खिडकीतून पुढे करतात. म्हणजे जाताना-येताना रेल्वेतही लंगर. ही सगळी रचना वाहत्या गर्दीसाठी आहे, हे लक्षात ठेवावं. लोक येतात, जेवतात, दोन रात्री राहतात, जातात, त्यांच्या खोलीत पुढचे येतात. २०२० च्या मार्चमध्ये बिघडलं ते नेमकं एवढंच, की येण्याची बाजू झाली होती आणि जाण्याची बंद पडली.

एक ताट किती हातांतून जातं

नांदेडला लंगर एकाच ठिकाणी चालत नाही. तख्ताचा कारभार १९५६ च्या कायद्याने स्थापलेल्या बोर्डाकडे आहे. त्याशिवाय जवळच गुरुद्वारा लंगर साहिब आहे, तो बाबा निधानसिंगांच्या परंपरेतल्या कारसेवेचा, म्हणजे भाविकांच्या बिनपगारी श्रमावर चालणारा. पंजाबातून आलेले हे बाबा निराश होऊन परत निघाले असता स्टेशनवर त्यांना गुरूंचं दर्शन झालं आणि ‘हथ तेरा, खीसा मेरा’ असा शब्द मिळाला, अशी श्रद्धा आहे. वाढायचे हात तुझे, पैशाची काळजी माझी. लंगर साहिबचा अर्थव्यवहार आजही याच वाक्यावर चालतो असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची दसवंधाची रीत, धान्याची पोती आणून टाकणारे जमीनदार, तुपाचे डबे सोडून जाणारे व्यापारी. कोणत्याही दिवशी किती माणसं जेवतील याचा अंदाज असतो, मर्यादा नसते.

पंगत पाहिली नसेल त्याच्यासाठी. डोक्यावर रुमाल, पाय धुतलेले, चपला जोडाघरात. दाराशी एक जण ताट हातात देतो. लांबच लांब पट्ट्यांवर मांडी घालून बसायचं, शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नाही. वाढपी बादली घेऊन ‘दाला जी, दाला जी’ करत जातो. पोळीला इथे परशादा म्हणतात आणि ती दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची, ताटात टाकून घ्यायची नाही. नवख्या माणसाने एक हात पुढे केला की वाढपी थांबतो, काही बोलत नाही, नुसता थांबतो. जेवण झालं की ताट उचलून धुण्याच्या रांगेकडे. तिथे एक जण खरकटं काढतो, दुसरा पहिल्या हौदात बुडवतो, तिसरा घासतो, चौथा विसळतो, पाचवा रचून पुन्हा दाराशी नेतो. यातला कोणीही नोकर असेलच असं नाही. मगाशी शेजारी जेवलेले गृहस्थ बाह्या सरसावून हौदाशी बसलेले दिसतात.

आत स्वयंपाकघरातही तेच. कणीक मळणारे, गोळे करणारे, लाटणारे, भल्यामोठ्या तव्यावर शेकणारे, तूप लावणारे. एका पोळीला पाच-सहा जणांचे हात लागतात आणि त्यातले दोघे-तिघे आज सकाळीच गाडीतून उतरलेले असू शकतात. पाहुणा आणि यजमान यांच्यात भिंत ठेवायची नाही, हा लंगरचा मूळ विचार. गुरु अमरदासांनी गोइंदवालला ‘पहले पंगत, पाछे संगत’ हा नियम केला तो याचसाठी. आधी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवा, मग भेटू. त्याही आधी, गुरु अंगदांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरातल्या तुपाळ खिरीचा उल्लेख गुरु ग्रंथ साहिबातच आहे. ज्या काळात कोण कोणाच्या हातचं खातो यावर माणसाची जागा ठरत होती, त्या काळात कोणाचेही हात चालतील असं म्हणणं हा साधा बदल नव्हता.

साथीच्या रोगासमोर मात्र नेमकी हीच बाजू उघडी पडते. हातांची नोंद नाही, माणसांची यादी नाही, कोण कुठून आलं हे विचारायचं नाही. आणि पुढे कळलं तसं हा विषाणू ताट-वाटीपेक्षा हवेतून जास्त पसरतो. म्हणजे खरा धोका हौदाशी नव्हता. तो होता एका छताखाली खांद्याला खांदा लावून बसण्यात, आणि रात्री सामायिक दालनांत झोपण्यात.

एप्रिल

अडकलेल्या लोकांची राहण्याची सोय यात्री निवासांत आणि लंगर साहिबच्या परिसरात होती. जेवण दोन्ही वेळचं, चहा वेळच्या वेळी. शहरातल्या गरजूंनाही इथून जेवण जात होतं. उपास कोणालाही घडला नाही.

आता त्याच दिवसांत बाकी देशात काय चाललं होतं ते शेजारी ठेवून पाहावं. दिल्लीच्या आनंद विहार बस स्थानकावर मार्चअखेरीस हजारो मजूर जमले. १४ एप्रिलला टाळेबंदी वाढल्याचं जाहीर झालं त्या दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर गर्दी उसळली आणि रात्रभर वाहिन्यांवर तेच दिसत होतं. कोटा इथल्या विद्यार्थ्यांसाठी उत्तर प्रदेश सरकारने १७-१८ एप्रिलला बसगाड्या धाडल्या. म्हणजे राज्याच्या हद्दी ओलांडून माणसं नेणं अशक्य नव्हतं. रेटा असला की वाट निघत होती.

नांदेडहून रेटा आला नाही, कारण कोणी रस्त्यावर आलं नाही. आणि रस्त्यावर यायला पोट रिकामं लागतं. चार हजार माणसं परमुलखात अडकलेली असूनही आवाज नाही, मोर्चा नाही, दगड नाही. पंजाबातून मागण्या होत होत्या, मुख्यमंत्री अमरिंदरसिंग यांनी केंद्राशी आणि महाराष्ट्राशी बोलणी केली, पण गोष्ट हलायला महिना गेला. जिल्हा प्रशासनाच्या डोळ्यांसमोर त्या वेळी असलेल्या कामांच्या डोंगरात ‘गुरुद्वाऱ्यातले यात्रेकरू’ ही ओळ बहुधा ‘व्यवस्था झालेली आहे’ या रकान्यात पडली असावी. हा माझा तर्क आहे, पण दुसरं स्पष्टीकरण मला पटत नाही.

त्यात भर म्हणजे एप्रिलचे पहिले तीन आठवडे नांदेड जिल्ह्यात एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. हिरव्या पट्ट्यातला जिल्हा. तेव्हाच्या नियमांनुसार चाचणी व्हायची ती लक्षणं असलेल्यांची, रुग्णाच्या संपर्कातल्यांची, परदेशातून आलेल्यांची. खोकला नाही, ताप नाही, जिल्ह्यात रुग्ण नाही, मग स्वॅब कशाला? यात्रेकरूंची तपासणी झाली, पण ती बहुतांशी ताप पाहण्याची. त्या वेळच्या नियमांत हे चूक नव्हतं. पण नियम जिल्हा हा एकक धरून लिहिलेले होते, आणि इथे जिल्ह्याच्या पोटात दुसऱ्या राज्यांतून आलेल्या चार हजार लोकांचं एक वेगळं गाव वसलेलं होतं. त्या गावाकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं, हे कोणाच्याही पत्रात नव्हतं.

सगळ्यांना एकत्र ठेवून एकत्र जेवू घालण्याऐवजी पन्नास-साठांचे गट करून, प्रत्येक गटाची पंगत वेगळी, वाढपी तेच, झोपण्याची जागा तीच, असं करता आलं असतं का? माझ्या मते आलं असतं. लंगरला शिस्त नवी नाही. एक पंगत उठल्याशिवाय दुसरी आत येत नाही हे तिथे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण हे सांगायला कोणीतरी आरोग्य खात्याचं माणूस स्वयंपाकघरात येऊन उभं राहायला हवं होतं. सेवादाराने स्वतःहून ‘तुम्ही तिकडे बसा’ म्हणणं हे त्याच्या सगळ्या शिकवणीच्या उलट आहे, त्याच्याकडून ती अपेक्षा धरणं अन्यायाचं.

परतीच्या बसगाड्या

केंद्राची परवानगी मिळाली आणि पंजाब सरकारने ऐंशीच्या आसपास बसगाड्या नांदेडला पाठवल्या. त्याआधी काही जण खासगी गाड्यांनी निघालेही होते. अडकलेल्यांच्या प्रवासाचा सर्वसाधारण आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ एप्रिलला काढला, तोवर नांदेडच्या बसगाड्या पंजाबात पोचू लागल्या होत्या. उन्हाळ्यातला दोन-तीन दिवसांचा प्रवास, मध्य प्रदेशातून, त्यातही इंदूरसारखी रुग्ण झपाट्याने वाढत असलेली शहरं वाटेच्या आसपास. पंजाबहून आलेले चालक, भरलेल्या बसगाड्या.

पंजाबात पोचल्यावर चाचण्या सुरू झाल्या आणि आकडे चढू लागले. सरकारने २१ दिवसांचं विलगीकरण सक्तीचं केलं, शाळा आणि सत्संग भवनं ताब्यात घेतली. काही दिवस पंजाबातल्या रोजच्या नव्या रुग्णांत नांदेडहून आलेल्यांचाच भरणा होता. मग सुरू झाली टोलवाटोलवी. पंजाब म्हणे, महाराष्ट्राने चाचण्या न करता पाठवले. महाराष्ट्र म्हणे, आमच्याकडे असताना रुग्ण नव्हते, लागण वाटेत नाहीतर बसगाड्यांतून झाली. २ मेच्या सुमारास लंगर साहिबमधल्याच वीस जणांचे अहवाल पॉझिटिव्ह आले, परिसर सील झाला, आणि महाराष्ट्राच्या म्हणण्यातला जोर ओसरला. तरी यातून कोणाकडून कोणाकडे हे सिद्ध होत नाही. सेवादारांना यात्रेकरूंकडून झाली, यात्रेकरूंना सेवादारांकडून, की दोघांना बाहेरून, हे सांगायला एप्रिलच्या मध्यावरच्या चाचण्या लागल्या असत्या, आणि त्या झाल्याच नव्हत्या.

समाजमाध्यमांवर मात्र उत्तर तयार होतं. मार्चअखेरपासून दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या तबलिगी मेळाव्याच्या नावाने मुस्लिम समाजाला जे ऐकवलं जात होतं, त्याची छोटी आवृत्ती आता दुसऱ्या समाजासाठी निघाली. कालपर्यंत लंगरचे फोटो पुढे ढकलणारेच आज ‘नांदेडवाले’ हा शब्द शिवीसारखा वापरत होते. नांदेडच्या दखनी शिखांना याचा त्रास दुहेरी झाला. पिढ्यान् पिढ्या इथलेच, बाजारात मराठी बोलणारे, आणि आता शेजारच्या गल्लीतले लोक त्यांच्याकडे पाहून रस्ता बदलू लागले.

पुढे रुग्ण वाढले तेव्हा जिल्ह्याने कोविड केअर सेंटर उघडली, त्यांत पंजाब भवन आणि एनआरआय यात्री निवास होते. यात्रेकरूंसाठी बांधलेल्या खोल्या शहराच्या कामी आल्या.

करंजीला वेगळं काय होतं

त्याच महिन्यांत नांदेडहून फार लांब नसलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावर करंजीजवळ आणखी एक लंगर चालू होता. बाबा कर्नैलसिंग खैरा, तेव्हा वयाच्या ऐंशीच्या पुढचे, पत्र्याच्या शेडखाली रात्रंदिवस जेवण वाढत होते. पायी निघालेले मजूर, मालवाहू ट्रकवाले, वाटेवर पडलेले कोणीही. जंगलपट्ट्यातला रस्ता, ढाबे बंद, मैलोन्‌मैल दुसरी सोय नाही. त्या लंगरची बातमी देशाबाहेरही गेली.

रीत दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच, की करंजीला शेड मोकळी होती आणि माणूस थांबत नव्हता. जेवला, पाणी भरून घेतलं, चालू लागला. लंगर ज्या गर्दीसाठी आहे तीच गर्दी तिथे होती. नांदेडला रीत तीच राहिली, गर्दीचा स्वभाव बदलला, आणि हा बदल ओळखण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेलं नव्हतं. मला वाटतं, या प्रकरणातून आपत्ती व्यवस्थापनवाल्यांनी उचलण्यासारखी एवढीच गोष्ट आहे, आणि ती पंढरपूरच्या वारीला, शिर्डीला, कोणत्याही उरुसालाही तशीच लागू होते.

त्यानंतरच्या दोन मिरवणुका

प्रकरण मे २०२० मध्ये संपलं नाही, त्याचा धागा पुढे दोन वेळा ताणला गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये दसऱ्याच्या मिरवणुकीच्या परवानगीसाठी बोर्ड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने चेंडू राज्याच्या यंत्रणेकडे टोलवला. मार्च २०२१ मध्ये हल्लाबोलला परवानगी नाकारली गेली होती आणि कार्यक्रम आवारातच करायचं ठरलं होतं. २९ मार्चला निशान साहिब दाराशी आला आणि जमावाने दार आणि अडथळे तोडून बाहेर धाव घेतली. पोलीस जखमी झाले, गुन्हे दाखल झाले, देशभर चित्रफिती फिरल्या. त्या हिंसेचं समर्थन होऊ शकत नाही. तरी तीनशे वर्षांच्या प्रथेतला तो क्षण, अरदास संपून पाऊल उचलण्याचा, दारापाशी थांबवता येईल असं ज्याने कागदावर लिहिलं त्याने हल्लाबोल कधी जवळून पाहिला नसावा. मिरवणूक नको असेल तर निशान साहिब दारापर्यंत येण्याआधीच काहीतरी वेगळं ठरायला हवं होतं, आणि ते पंज प्यारे व जथेदार म्हणजे तख्ताचे प्रमुख यांच्याशी बसून, नुसतं नोटीस पाठवून नव्हे.

दोन्ही वेळा प्रशासन आणि बोर्ड यांच्यातलं बोलणं सणाच्या तोंडावर सुरू झालं. खरं तर २०२० च्या अनुभवानंतर काही साध्या गोष्टी आधीच लिहून ठेवता आल्या असत्या. यात्री निवासात खोली देताना नाव-गावाबरोबर परतीच्या गाडीची तारीख घ्यायची. ती उलटून गेली की दुसऱ्या दिवशी ती यादी तहसीलदाराकडे जायची. मोठ्या सणाच्या आठवड्यात जिल्हा आरोग्य कार्यालयाचा एक माणूस लंगरच्या स्वयंपाकघराशी नेमायचा, तपासायला नव्हे, तिथल्या सेवादारांबरोबर काम करायला. पंजाब आणि महाराष्ट्राच्या आपत्ती कक्षांनी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक फेब्रुवारीतच घेऊन ठेवायचे, आणि अडकलेल्यांना परत नेण्याच्या बसगाड्यांचा खर्च कोणी करायचा हेही तेव्हाच ठरवायचं.